माझ्या बायोडाट्यातली ताईंची ओळ

माझ्या बायोडाट्यातली सगळ्यात वजनदार ओळ माझी नव्हती. गेल्या महिन्यापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

बारा वर्षांपूर्वी मी सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. आमच्या लाइनवर विजेचे स्विच जोडले जायचे. जोडणाऱ्या बायका बहुतेक कंत्राटी. आतली बारीक स्प्रिंग बसवायची राहून जायची आणि माल परत यायचा. ओझरहून येणाऱ्या एका ताईंनी एक दिवस घरून अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणला. तीस खण, तीस स्प्रिंगा, तीस स्विच. शेवटी एखाद्या खणात स्प्रिंग उरली, की कुठल्या तरी स्विचमध्ये ती नाही, हे तिथल्या तिथे कळायचं. परत येणारा माल जवळजवळ थांबला.

असल्या सुधारणेला कारखान्यात कायझेन म्हणतात. ती एका छापील कागदावर लिहून, करणाऱ्याच्या फोटोसकट फळ्यावर लावायची. कागदावर कर्मचारी क्रमांक लागायचा आणि कंत्राटी बाईला तो नसायचा. साहेब म्हणाले, "तुझा टाक. कागद अडायला नको." मी टाकला. फोटो माझा लागला. पुढे ती ओळ बायोडाट्यात गेली आणि तिच्या जोरावर मला अंबडच्या एका कारखान्यात चांगली नोकरी मिळाली. मुलाखतीत तर ट्रेची कल्पना मला कशी सुचली, हेसुद्धा मी रंगवून सांगितलं. त्याच वर्षी सातपूरला काही कंत्राटी बायका कायम झाल्या. ताई झाल्या नाहीत.

यंदा अंबडच्या कारखान्यातलं आमचं खातं बंद झालं, नोकरी गेली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा बायोडाटा उघडून बसलो. त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. विंचूरच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा होती, अर्जासाठी बायोडाटा करून हवा होता. रविवारी त्या घरी आल्या, झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून आणलेला कागद घेऊन. त्यात जात, उंची, माहेरचं गाव, आवड - वाचन.

"ताई, हा लग्नाचा बायोडाटा झाला."

"लग्न कवाच झालंय. आता नोकरीशी लावून द्या, सर."

मी ते सगळं काढलं. 'मेहनती, प्रामाणिक' हेही काढलं, ते तर सगळेच लिहितात. म्हटलं, तुम्ही काय केलं आणि त्याने काय बदललं, तेवढं सांगा.

"मी काय केलं? स्प्रिंगा बसवल्या. लिहिण्यासारखं काय नाय."

मग मात्र मी माझा बायोडाटा उघडला आणि ती इंग्रजी ओळ त्यांना मराठीत वाचून दाखवली. कुणाचं काम, कुणाच्या नावावर गेलं, सगळं सांगितलं.

"अंड्याच्या ट्रेची एवढी मोठी ओळ झाली व्हय!" त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "तवा खरं सांगितलं असतं, तर मी कायम झाले असते का?"

मी कर्मचारी क्रमांकाचं सांगू लागलो, साहेबांचं सांगू लागलो.

"ते राहू द्या. हो का नाय, एवढंच बोला."

"बहुतेक हो."

"मग टाका आता माझ्यात."

ओळ माझ्यातून काढली. त्यांच्या अनुभवात ती पहिली लिहिली, साध्या शब्दांत: अडचण काय होती, उपाय काय केला, फरक काय पडला. पण कुणी पुरावा मागितला तर? फळ्यावरच्या कागदावर नाव माझं. म्हणून खाली, चौकशीसाठी, माझाच नंबर दिला.

गुरुवारी विंचूरहून फोन आला. "ही सुधारणा यांचीच, हे कशावरून?"

"तेव्हा ती माझ्या नावावर लागली होती. काम त्यांचं होतं. मी खोटं लिहिलं होतं."

पलीकडच्या माणसाने विचारलं, "आणि आपण सध्या कुठे असता?"

"नोकरी शोधतोय."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. त्या दिवशी ती जेवायला वाढून आत निघून गेली.

ताई सुपरवायझर म्हणून रुजू झाल्या. माझा बायोडाटा आता जेमतेम एक पान भरतो. अजून कुठून बोलावणं नाही. तरी आहे तसाच पाठवतो आहे, आणि पाठवत राहणार.

त्या रविवारी मी कारणं सांगितली, ओळ परत केली. ताईंची माफी मात्र मागितली नाही. ती मला मागायची आहे.