संध्याकाळचा दर

नवरा गेल्यावर त्याच्या फंडातून कांताने घरघंटी घेतली आणि तिच्यावर लेकीला, अपूर्वाला शिकवलं. भोईवाड्याच्या त्या चाळीत रोज संध्याकाळी तिच्या दारात डबे लागायचे. कामावरून आलेल्या बायका आपले दाणे आपणच ओतायच्या, गप्पा छाटायच्या, पीठही आपणच काढून न्यायच्या. कांताने फक्त बटण दाबायचं. घर समजून वावरतात माझ्याकडे, असं ती लेकीला कौतुकाने सांगायची.

मग वीज कंपनीने नवे मीटर बसवले. दुपारी वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. वर केबली नि सबस्टेशनच्या खर्चापायी स्थिर आकार वाढला, तो घंटी बंद ठेवली तरी भरायचाच. आता बोला! कांताने तोड काढली. संध्याकाळी घंटी बंद; सकाळी जाताना डबा ठेवून जा, मी दुपारी दळून ठेवते, दर जुनाच.

सगळ्यांनी माना डोलावल्या, पण शपथेला एक डबा आला नाही. पिशव्या नाक्यावरच्या गिरणीत जाऊ लागल्या, तिथे दळण महाग असूनही. दाण्यांची सरमिसळ होईल अशी भीती असेल, असं वाटून बिचारीने डब्यांवर चिकटवायला नावांच्या चिठ्ठ्यासुद्धा करून ठेवल्या. शेवटी तिने समोरच्या गंगुबाईला गाठलं. अपूर्वाच्या बाळंतपणात रात्रभर जागलेली ही गंगुबाई.

"माका काय नाय गो," गंगुबाई खाली बघत म्हणाली. "पण नैवेद्याचा पीठ असता. संध्याकाळी दाणे आमी ओततव, पीठ आमीच काढतव. तुझो हात खंय लागता?"

दर चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून कांताने या चाळीत घरोघर खीर वाटली होती. कुणी खाल्ली, कुणी मोरीत ओतली, हे आता कुणाला विचारायचं? कसली आलीय माया! इतकी वर्षं त्या तिला आराम देत नव्हत्या, लांब ठेवत होत्या.

जाताना गंगुबाईने समजूत घातली की संध्याकाळचा जादा दर द्यायला सगळ्या तयार आहेत. म्हणजे तेवढ्यासाठी पैसे होते!

बिल तर भरायचंच होतं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा डबे लागले, दाणे ओतले गेले. कांता जागची हलली नाही.

"बटणपण तुम्हीच दाबा," ती म्हणाली. "तिथेही माझाच हात लागतो."

कुणीतरी नको नको म्हणेल म्हणून ती बघत राहिली. गंगुबाई उठली आणि तिने बटण दाबलं.