चादरीखालचा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मध्येच "जाऊ दे गं, होतं असं" म्हणणार नाही. जाऊ दे म्हणणारी माणसं मला नकोत. म्हणून तर इतकी वर्षं गप्प राहिले — की भित्री होते म्हणून? बघा, सुरुवातीलाच अडखळले.

आधी माझं काम सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीए झाले, मग समाजकार्याची पदवी घेतली, आणि पुण्यातल्या एका ट्रस्टमध्ये नोकरीला लागले. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी शुश्रूषागृहं शहरात बरीच आहेत. त्यांची पाहणी करून चांगलं कुठलं, वाईट कुठलं ते सांगायचं, हे माझं काम. लोक ट्रस्टचा शब्द मानत, आणि तो शब्द म्हणजे माझाच शब्द होता. मी ज्याला वाईट म्हणेन तिथे लोक आपली माणसं ठेवत नसत.

आणि मी काम चोख करायचे. हे बढाई मारायला सांगत नाही — म्हणजे मारायलाच सांगते, खोटं कशाला बोलू. इतर पाहणी करणारे ऑफिसात बसून चहा घेत आणि भिंतीवरचा गणपती बघून खूश होत. मी थेट खाटेशी जायचे. चादर वर करायचे. टाचा बघायच्या, पाठीवर जखमा आहेत का बघायचं, मनगटं बघायची — बांधून ठेवलेल्या माणसाचं मनगट लपत नाही. पाण्याचं भांडं त्याच्या हाताला येतंय की नुसतं दिसतंय, तेही बघायचं. मावश्या आणि मामा, म्हणजे तिथल्या आया आणि वॉर्डबॉय, मला टरकून असत. "चादरवाल्या बाई आल्या," म्हणत.

तर त्या दिवशीही मी चादर वर केली.

पण त्याच्या आधीचं सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला कळणार नाही. की मी उगाच लांबवते आहे? लांबवतेच आहे.

माझे वडील, आण्णा, मार्केट यार्डात हमाल होते. मिरचीची पोती वाहायचे. मी दहावीत असताना सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा घेऊन गेले होते. गाळ्यासमोर ओल होती. आण्णांचा पाय सरकला, पाठीवरचं पोतं खाली आलं, फुटलं, आणि लाल मिरची चिखलात पसरली. गाळ्याचे मालक — सगळे त्यांना शेठ म्हणत — गादीवरून उठले. आण्णांच्याच कमरेचा पोती ओढायचा आकडा त्यांनी उपसला आणि त्याच्या लाकडी मुठीने आण्णांच्या डाव्या कानावर मारलं. एकदा मारून थांबले नाहीत. मग मान धरली आणि तोंड त्या मिरचीत दाबलं. "खा. तुझ्या बापाचा माल आहे ना? खा."

आण्णा वर आले तेव्हा डोळे उघडत नव्हते. कानातून रक्त येत होतं. आणि ते हसत होते. हात जोडून हसत होते. "चुकी झाली शेठ, चुकी झाली."

शेठनी माझ्याकडे बघितलं. "ही कोण रे पोरगी?"

मी म्हणाले, "शेजारच्या काकांचा डबा द्यायला आलेय."

हेही मी कुणाला सांगितलेलं नाही. डबा पायरीवर ठेवला आणि चालती झाले. आण्णांचा डावा कान त्या दिवशी गेला तो गेलाच. पण उजवा शाबूत होता. माझं वाक्य त्यांना ऐकू आलं होतं. घरी आल्यावर त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. कॉलेजात मी सांगायचे, "वडील मार्केट यार्डात असतात." ऐकणारा व्यापारी समजायचा. मी समजू द्यायचे.

आता खाटेशी येते.

सिंहगड रस्त्याच्या बाजूचं एक शुश्रूषागृह होतं. नवी फरशी, फिनेलचा वास, खिडकीत तुळस. चालकबाई अस्सल पुणेरी, जिभेला धार. मला फिरवताना म्हणाल्या, "अहो ताई, इथे आलेला प्रत्येक जण घरी देवमाणूस होता. म्हणून तर घरच्यांनी विसर्जन केलंय." मी हसले. मग त्यांना फोन आला आणि मी शेवटच्या खोलीत एकटी गेले.

खाटेवर शेठ होते.

खाटेच्या पाटीवर नाव होतं, पण मी त्याआधीच ओळखलं. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. कूससुद्धा आपली आपण बदलता येत नव्हती. मी सवयीने चादर वर केली. मांड्यांच्या आतल्या बाजूला चिमटे काढल्याचे डाग होते — जिथे भेटायला येणारा त्यांचा मुलगा बघणार नाही तिथे. काही काळेनिळे, काही पिवळे पडलेले, म्हणजे जुने. बरगडीवर गुडघा टेकवल्याचा वळ होता. खालचा ओठ आतून फाटलेला, हिरडी सुजलेली: चमचा तोंडात कोंबला की असं होतं. माझ्या नोकरीत मी इतकं वाईट अंग बघितलं नव्हतं.

मनगट बघायला मी चादरीखाली हात घातला. त्यांनी डाव्या हाताने माझी बोटं पकडली.

मार्केटात त्या काळी काही मालाचे सौदे रुमालाखाली होत. तोंडाने भाव बोलायचा नाही. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, समोरच्याने दाबून उत्तर द्यायचं. हात झटकून काढून घेतला की सौदा मोडला. आण्णांनी मला लहानपणी खेळ म्हणून हे शिकवलं होतं, उशीच्या अभ्र्याखाली.

वाचा गेलेल्या त्या माणसाकडे तेवढी एकच भाषा उरली होती. आजवर कोण कोण आलं असेल — डॉक्टर, मुलगा, सून — प्रत्येकाची बोटं त्यांनी अशी दाबून बघितली असतील. सगळ्यांना वाटलं असणार, म्हातारा आधार शोधतोय. मी नकळत उलट दाबलं. जसं आण्णांना दाबायचे तसं.

त्यांचे डोळे कसे झाले ते मी तुम्हाला कसं सांगू? खोल आडात पडलेल्या माणसाला वरून कुणीतरी हाक द्यावी तसे. त्यांनी माझी सगळी बोटं मुठीत घेतली आणि दाबत राहिले. ती काही किंमत नव्हती. सगळं घ्या, पण सोडवा, एवढंच ते होतं. मला स्वच्छ कळलं. त्या खोलीत, त्या अख्ख्या इमारतीत, ते कळणारी मी एकटी होते.

मी वाकले. त्यांच्या कानाशी तोंड नेलं. डावा कान मी मुद्दाम निवडला. म्हणाले, "शेठ, मी तुकाराम हमालाची मुलगी. मिरची आठवते?"

आठवली. चेहऱ्यावर दिसलं.

मग मी हात झटकून काढून घेतला.

तुम्हाला वाटेल इथेच संपलं. मलाही पुष्कळ वर्षं इथेच संपवायची सवय होती, मनातल्या मनात. पण दार उघडून मामा आत आला, हातात पेजेची वाटी. मला उघड्या चादरीपाशी बघून जागीच थांबला. दांडगा माणूस, पण चेहरा पांढरा पडला. चादरवाल्या बाईंनी बघितलं होतं. एक शब्द पुरे होता. त्याची नोकरी गेली असती, शेठ त्याच संध्याकाळी दुसरीकडे हलले असते.

मी म्हणाले, "चालू द्या तुमचं."

मामाने क्षणभर माझ्याकडे बघितलं. तो हुशार होता, त्याला परवानगी कळली. त्याने शेठचा जबडा अंगठ्याने दाबून उघडला आणि चमचा घातला. पेज बाहेर आली. त्याने चमच्याच्या पाठीने तोंडावर मारलं. पुन्हा घातला. पुन्हा मारलं, या वेळी उलट्या हाताने, कानशिलात. शेठच्या घशातून हवा अडकल्यासारखा आवाज आला. ते मामाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

मी गेले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले आणि वाटी संपेपर्यंत बघितलं. मला किळस आली का? नाही आली. मला बरं वाटलं. अंगात ऊब यावी तसं बरं वाटलं. हे सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

अहवालात मी त्या शुश्रूषागृहाची सेवा उत्तम म्हणून लिहिली. ट्रस्टने ते चार कुटुंबांना सुचवलंही.

आण्णा तोवर वारले होते. त्यांच्यासाठी केलं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. आणि ते असते तरी काय? त्यांनी मला सूड घे असं कधी म्हटलं नव्हतं. त्या माणसाचं नावसुद्धा त्यांनी घरात कधी घेतलं नाही. त्यांच्या डोळ्यांत मिरची होती तेव्हा मी त्यांना शेजारचे काका केलं. आणि 'तुकाराम हमालाची मुलगी' हे उभ्या आयुष्यात पहिल्यांदा छाती काढून बोलले, ते एका लुळ्या माणसाच्या कानात, त्याला घाबरवायला.

काही आठवड्यांनी शेठच्या मुलाची तक्रार आली. वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, जबडाही. चालकबाई सांगत होत्या, खाटेवरून उतरताना पडले. चौकशीला ट्रस्टने मलाच पाठवलं — माझ्याइतकं बारीक बघणारं दुसरं कोण होतं? मामा दारातच उभा होता. मला बघून त्याने नमस्कार केला, ओळखीच्या माणसाला करावा तसा. मुलगा रडत होता. "ताई, तुम्ही सांगाल ते मी खरं मानेन," म्हणाला.

मी त्याला सांगितलं, पडले. ज्या माणसाला कूस बदलता येत नव्हती तो खाटेवरून उतरताना पडला, असं मी लेखी दिलं. खाली सही केली, नावापुढे पदवी लावून. मुलाने माझे आभार मानले आणि वडिलांना तिथेच ठेवलं.

निघण्याआधी मी खाटेशी गेले. का गेले, खरंच सांगता येत नाही. जबड्याला पट्टी होती. डावा हात चादरीबाहेर होता. मी माझा हात पुढे केला, चादरीखाली नेला.

शेठनी आपला हात ओढून घेतला. हळूहळू, कण्हत, तो पाठीखाली सरकवला आणि त्याच्यावर अंगाचा भार टाकून पडून राहिले. मग डोळे मिटले.

मामा वाटी घेऊन आत आला. मी बाजूला सरले आणि त्याला वाट दिली.