पस्तीस पावलांचा नेमबाज

हर्शेल टॅकेटला गावात कुणी तब्येत विचारली, तरी उत्तर कावळ्यांवरच यायचं. "पाठ धरलीय, पण शनिवारी वीस पाडले," असं. वीस म्हणजे पंचवीस काडतुसांत वीस. ओक्लाहोमातल्या त्या नदीकाठच्या गावाला हा आकडा इतक्यांदा ऐकवून झाला होता, की कॅफेतली बाई त्याच्यासमोर कॉफी ठेवताना स्वतःच "वीस ना?" म्हणून मोकळी व्हायची. बरं, माणूस थापाड्या म्हणावा तर तेही नाही. काडतुसांच्या रिकाम्या नळकांड्या आणि पडलेले कावळे, दोन्ही लोकांनी मोजून पाहिलेले होते. खरं बोलणारा माणूसही किती कंटाळा आणू शकतो, हे त्या गावाला हर्शेलमुळे कळलं.

तीस वर्षं त्याने काउंटीच्या मातीच्या रस्त्यांवरून सपाटीकरणाचं यंत्र फिरवलं होतं. उंची सहा फूट तीन इंच, त्यातले निम्म्याहून जास्त पायच. बायको ओलेटा जेमतेम पाच फूट. रविवारी चर्चमधून दोघं बरोबर निघाली, तर हर्शेलची गाडीची काच पुसून व्हायची तेव्हा ओलेटा पायऱ्या उतरत असायची.

"बदकाला वेळ लागायचाच," तो म्हणायचा.

"जिराफाला किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही, म्हणून बदक पाळलंय," ती म्हणायची आणि पर्समधून किल्ल्या काढून द्यायची.

ऑक्टोबर संपत आला, की तिकडे पेकनची, म्हणजे अक्रोडासारख्या फळाची, टरफलं उकलतात आणि कावळे शेकड्यांनी बागांवर उतरतात. बागवाले मग बंदूकवाल्यांची वाट बघतात. व्हिटलोंच्या बागेत नदी जिथे वळते, तिथून सकाळचे सगळे थवे जातात. पंचक्रोशीत कावळ्याच्या शिकारीला त्याहून चांगली जागा नाही, आणि अडतीस वर्षं ती जागा हर्शेलची होती.

या शिकारीची तिथली रीत ठरलेली. झाडाखाली फांद्यांचा आडोसा करायचा. तिथून पस्तीस पावलांवर एक उंच काठी रोवायची आणि काठीच्या टोकाला प्लास्टिकचं घुबड बसवायचं. कावळ्याचं आणि घुबडाचं हाडवैर. घुबड दिसलं की कावळा चारचौघांना गोळा करून शिव्या देत त्याच्यावर झेपावतो. काठीच्या पलीकडच्या कावळ्यावर बार टाकायचा नाही, टाकून पाडलाच तर तो मोजायचा नाही. कारण तितक्या लांब छर्रे पांगतात आणि पाखरू नुसतं जखमी होऊन जातं. आडोसा करायचं काम हर्शेलचं, पावलं मोजून काठी रोवायचं काम ओलेटाचं. ते झालं की ती पाठीमागे दुमडत्या खुर्चीत बसून थर्मास उघडायची आणि विणकाम काढायची.

आणि मग हर्शेलचं शास्त्र. ते ऐकल्याशिवाय त्या गावात कुणी मोठं झालेलं नाही. "कावळा काळा, पंख रुंद, म्हणून जवळ वाटतो. फसू नका. त्याच्यावर नेम धरलात की बार मागेच जाणार. चोचीपुढे आणखी एक कावळा मावेल एवढी जागा सोडा, नळी फिरती ठेवा, गाल दस्त्यावरून उचलू नका आणि चाप ओढा." एक कावळ्याची जागा. कमी नाही, जास्त नाही. या शास्त्राप्रमाणे गावातल्या दोन पिढ्यांनी आपापल्या पस्तीस पावलांवर काठी रोवून बार टाकले आणि दोन पिढ्यांचे बार कावळ्याच्या शेपटीमागून गेले. यावर हर्शेलचं म्हणणं एवढंच, की शास्त्र सगळ्यांना सांगता येतं, हात प्रत्येकाला नसतो.

ओलेटाचा धाकटा भाऊ रॉयस हा असाच एक हात नसलेला. पशुखाद्याचं दुकान चालवायचा, वय साठ, पोट पुढे. वीस वर्षं तो दाजींच्या पायाशी बसून शिकला आणि पंचवीसात पाच-सहाच्या वर कधी गेला नाही. मग एका वर्षी अचानक बारा-तेरा पाडायला लागला.

"काय औषध घेतलंस रे?" हर्शेलने कॅफेत सगळ्यांसमोर विचारलं.

"तुमचं ऐकणं सोडलं, दाजी," रॉयस म्हणाला. "आता दोन कावळ्यांची जागा सोडतो."

हर्शेल इतका हसला की कॉफी सांडली. दोन कावळ्यांची जागा म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं त्याचं मत पडलं.

त्या उन्हाळ्यात म्हातारे व्हिटलो वारले आणि बाग त्यांच्या मुलीकडे, जॅनेलकडे आली. जॅनेलने बागेशेजारी गाई ठेवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच गाभण. बंदुकांच्या आवाजाने त्या एकदा कुंपण मोडून गेल्या होत्या. तिने हर्शेल आणि रॉयस दोघांनाही बोलावून सांगितलं, "वळणावर या हंगामात एकच बंदूक चालेल. कमी बारांत जास्त कावळे जो पाडेल, त्याने यावं. दुसऱ्याने येऊ नये. तुमच्यात ठरवा."

ठरलं असं, की एका शनिवारी रॉयसने पंचवीस बार टाकायचे, पुढच्या शनिवारी हर्शेलने. मोजायला जॅनेल आणि दोघांतला ज्याची पाळी नसेल तो. रॉयसने तेरा पाडले. गाव म्हणालं, बिचारा. खुद्द रॉयसनेच घरी जाताना दाजींचं अभिनंदन केलं. हर्शेलने कॅफेत दिलदारपणे जाहीर केलं, की जागा आपल्याकडे राहिली तरी मेव्हण्याला कधीमधी मागे बसून बघू देऊ.

फक्त एक गोष्ट नेहमीसारखी नव्हती. ओलेटाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच आठवडे झाले होते. ती आरामखुर्चीत, पाय उशीवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. शनिवारी पहाटे हर्शेल निघाला तेव्हा तिने हाक मारली.

"काठी कोण रोवणार?"

"मला आकडे येतात, ओलेटा."

"मग माझं ऐक. चोवीस पावलांवर रोव."

"चोवीस?" हर्शेल दारातच थांबला. "चोवीस पावलांवर शाळेतली पोरं डबे फोडतात. रॉयस जन्मभर तोंडावर हसेल."

"हसू दे. चोवीस."

"गोळ्या झोपेच्या दिल्यात का दुखण्याच्या?" असं म्हणून त्याने तिच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि तो गेला. ओलेटाने आणखी काही बोलायला तोंड उघडलं होतं, पण जिराफ तोवर अंगणात पोचला होता.

वळणावर त्याने स्वतःच्या ढांगांनी पस्तीस मोजली, काठी रोवली, घुबड बसवलं. मागे वळून पाहिलं तेव्हा आडोसा जरा लांब वाटला. पण सकाळचा उजेड कमी होता आणि माणूस खुशीत होता. जॅनेल ट्रकच्या टपाशी उभी राहिली, रॉयस ओलेटाच्या दुमडत्या खुर्चीत बसला आणि खुर्ची कुरकुरली.

पहिला थवा आला तो घुबडावर तुटूनच पडला. हर्शेलने एक कावळ्याची जागा सोडली, नळी फिरवली, चाप ओढला. कावळा घुबडाला शिवी देऊन पुढे गेला. दुसराही गेला. तिसरा बार झाल्यावर हर्शेलने बंदुकीकडे पाहिलं. पाचव्यानंतर काडतुसाच्या खोक्यावरचा मजकूर वाचला. सातव्यानंतर वाऱ्याला नावं ठेवली, नवव्यानंतर चष्मा पुसला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते अंगण एवढं वाकडं कुणी केलं नसेल. बारा बार झाले तेव्हा गवतात एक कावळा पडलेला होता, आणि तोही बहुधा रस्ता चुकून छऱ्यांत आलेला.

"मागे जातंय, दाजी," रॉयस हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच हर्शेलला झोंबलं.

"मला दिसतंय."

"नाही, सगळेच मागे जातायत. दोन कावळ्यांची..."

"रॉयस, गप्प बस."

हर्शेल घाबरला होता. डोळे गेले, हात गेला, म्हातारपण आलं ते असं एका सकाळीच आलं, असं त्याला वाटलं. अडतीस वर्षांत त्याने दुसरं काही कमावलं नव्हतं. रस्ते सारखे केले, ते पावसाने पुन्हा बिघडवले. ही जागा आणि हा आकडा, एवढंच होतं. तो झाडामागे गेला आणि त्याने घरी फोन लावला.

"किती?" ओलेटाने विचारलं.

"बारा बारांत एक."

"काठी कितीवर?"

"पस्तीसवर. पस्तीसवरच असते."

पलीकडे बर्फाची पिशवी हलल्याचा आवाज आला. "हर्शेल, पस्तीस पावलं कुणाची?"

त्याला आधी कळलं नाही. मग तो पायांकडे बघायला लागला.

"माझी पस्तीस म्हणजे तुझी चोवीस होतात," ओलेटा म्हणाली. "मी मोजलीयत. लग्नानंतर पहिल्यांदा तू स्वतः काठी रोवलीस, माझे वडील बघायला आले होते, आठवतं? पंचवीसात तीन. दोन दिवस जेवला नाहीस, बंदूक विकायला काढलीस. पुढच्या शनिवारी तू आडोसा बांधत होतास म्हणून मी रोवली. तू चौदा पाडलेस आणि घरी येईपर्यंत गात होतास."

"तेव्हापासून तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं. म्हटलं, राहू दे. गाणारा नवरा सांभाळायला सोपा असतो."

"आणि मी अख्ख्या गावाला एक कावळ्याची जागा शिकवली."

"ती चोवीसवर बरोबरच आहे," ओलेटा समजुतीने म्हणाली. "तू नेमबाज आहेसच रे. फक्त जवळचा आहेस. आता जा, कावळे वाट बघणार नाहीत."

हर्शेल झाडामागून बाहेर आला. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. तेरा बार तसेच हवेत सोडून, वाऱ्याला दोष देऊन, नाव राखून घरी जाता आलं असतं. गावाने वाऱ्यावर विश्वास ठेवलाही असता, अडतीस वर्षांची पुण्याई होती. पण मग वळण गेलंच. त्याने बंदूक ठेवली, मेव्हण्यासमोरून आणि जॅनेलसमोरून चालत काठीपाशी गेला, काठी उपटली, घुबड बगलेत मारलं आणि अकरा ढांगा अलीकडे येऊन पुन्हा रोवली. कान लाल झाले होते.

रॉयस बघतच राहिला. त्याने डोळ्यांनी अंतर मापलं, मग हर्शेलचे पाय पाहिले, मग आपण बसलो होतो त्या बुटक्या खुर्चीकडे पाहिलं. दुकानात पोत्यांचा हिशेब तोंडी करणारा माणूस होता, त्याला जास्त वेळ लागला नाही.

"अरे देवा," तो म्हणाला. "वीस वर्षं मी..."

"हो."

"दाजी, मी त्यापायी बंदूक बदलली होती. दोनदा."

"माहीत आहे. दुसरी मीच निवडून दिली," हर्शेल म्हणाला आणि आडोशात बसला.

पुढचा बारही चुकला. त्यानंतर मात्र अकरा बारांना अकरा कावळे पडले. एक कावळ्याची जागा, फिरती नळी, गाल दस्त्याला. जॅनेल टपाला टेकली होती, ती सरळ उभी राहून बघायला लागली. आधीचा धरून बारा झाले. खोक्यात एक काडतूस राहिलं. ते लागलं असतं तर बरोबरी.

शेवटचा कावळा शहाणा होता. तो घुबडापाशी आलाच नाही, काठीच्या अगदी रेषेवरून, पण लांब बाजूला, घिरट्या घालत राहिला. मोजला जाईल इतपत आत, आणि हर्शेलच्या हाताला सवय नाही इतपत दूर. हर्शेलने वाट पाहिली. मग नळी फिरवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा रॉयसचं ऐकून दोन कावळ्यांची जागा सोडली. बार कावळ्याच्या पुढून गेला.

"हा मात्र पुढून गेला," रॉयस म्हणाला. "तुमचं आणि माझ्या शास्त्राचं जमायचं नाही, दाजी."

बारा आणि तेरा. जॅनेलने हर्शेलचा हात हातात घेऊन वाईट वाटल्याचं सांगितलं, तिला खरंच वाटलं होतं. वळण रॉयसचं झालं. घरी येईपर्यंत हर्शेल गायला नाही. ओलेटाला त्याने "बारा" एवढंच सांगितलं आणि तिच्या गुडघ्यावरची पिशवी बदलली. आपण आणखी एकदा हाक मारायला हवी होती, असं तिला वाटत होतं, आणि आपण ऐकायला हवं होतं, असं त्याला. दोघंही दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून थांबली होती.

दुपारी रॉयस आला. हातात मक्याच्या पिठाच्या कॉर्नब्रेडचं भांडं होतं, त्याच्या बायकोने दिलेलं. हर्शेल उठून सामोरा गेला, हरलेल्या माणसाने जावं तसा, ताठ. पण रॉयस त्याला ओलांडून सरळ आरामखुर्चीपाशी गेला आणि टोपी काढून उभा राहिला.

"ताई, गुडघा बरा व्हायला किती दिवस लागतील?"

"डॉक्टर सहा आठवडे म्हणतात. का रे?"

"वळणावर काठी रोवायला माणूस हवं आहे," रॉयस म्हणाला. "माझ्या तेरामध्ये सात-आठ तर नशिबाचे होते. तू रोवलीस तर मीही वीसवर जाईन. जॅनेलशी बोललोय. बंदूक एकच न्यायची, माणसं कितीही येऊ देत, म्हणाली."

ओलेटाने कॉर्नब्रेडचा तुकडा मोडला, खाल्ला, बोटं पुसली. दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"येईन," ती म्हणाली. "पण मी एकटी कुठे जात नाही. माझ्याबरोबर नवरा असतो, आणि त्याला निम्मे बार द्यावे लागतात."

"नेम कसा आहे त्याचा?" रॉयसने गंभीरपणे विचारलं.

"मी रोवलेल्या काठीपर्यंत," ओलेटा म्हणाली, "त्याच्यासारखा कुणी नाही."

हर्शेल स्वयंपाकघरात निघून गेला आणि तिघांसाठी कॉफी ठेवायला लागला. डबे वाजवण्याच्या आवाजात तो हळूहळू काहीतरी गुणगुणायला लागला होता, आणि बाहेर बहीण-भाऊ ते ऐकू आलं नाही असं दाखवत कॉर्नब्रेड खात बसले.