आनंदाबाईचं बलावणं

समुद्रपुरात कुणाकडे लग्न निघालं, की पत्रिका छापायच्या आधी आनंदाबाईला विचारलं जायचं, "तुमाले वेळ हाय ना?" गावात बलावणं द्यायचं काम तिचं, सासूकडून आलेलं. हातात कुंकवाचा करंडा आणि दीडशे घरं तोंडपाठ. फाटकातून ओरडून सांगणं तिला मान्य नव्हतं. उंबरठा ओलांडायचा, घरच्या बाईला कुंकू लावायचं, तिथी-वेळ सांगायची, मगच बलावणं पोचलं. "बाहेरून सांगतलं तर मानूस बाहेरच राह्यते," असं ती सून सपनाला सांगायची.

दोन वर्षांपासून तिला शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून ती ताक पीत राहिली, सुरण उकडून खात राहिली. लग्नसराईत घरोघरी चहा-पोह्यांचा आग्रह. आणि लोकांच्या घरी संडास कसा मागावा, म्हणून ती सकाळपासून उपाशीच निघायची. अंग उतरलं तेव्हा बाया म्हणाल्या, "काऊन आनंदाबाई, सुनेनं जेवाले देनं बंद केलं का?" ती हसली, सपनाही हसली. तेच हसणं सपनाला पुढे फार बोचलं.

दिवाळीनंतर आनंदाबाई मोरीत चक्कर येऊन पडली. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून पाहिलं तर मोठ्या आतड्यात गाठ, आणि रोग यकृतापर्यंत पोचलेला. किमोच्या सलायनी झाल्या, केस गेले, गाठ तिथंच. मग डॉक्टर मेघा म्हणाल्या, "एक वेगळं औषध आहे. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. गाठीचा तुकडा तपासायला पाठवते."

तीन आठवडे त्या एका रिपोर्टची वाट पाहण्यात गेले. सपनाचा फोन वाजला की आनंदाबाई हातातली भाजी खाली ठेवायची.

रिपोर्ट आला त्या दिवशी मेघांनी दोघींना समोर बसवलं. "मावशी, शरीरात काही बिघडलं की पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. अगदी बारीक रसायनं असतात ती. निरोप मिळाला की रोगाशी लढणाऱ्या पेशी धावून येतात. तुमच्या गाठीनं हे निरोपच बिघडवलेत. काहींच्या जोरावर ती स्वतः वाढते, आणि काही असे सोडते की लढणाऱ्या पेशी बाहेरच थांबतात. तपासात त्या गाठीच्या कडेला दिसल्या. आत जवळजवळ नाहीतच."

"म्हंजे आल्या, पन कोनं आत घेतलं नाई."

"हो."

"अन् थे औषध?"

"आत शिरलेल्यांना बळ देतं ते. तुम्हाला त्याचा उपयोग होणार नाही, मावशी."

आनंदाबाईने थोडा विचार केला. "मंग त्याइले आत बलावाचं औषध नाई का?"

"शोधताहेत."

"माह्यापरेंत नाई पोचत," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मेघांनी रिपोर्ट फाइलमध्ये ठेवला. मग हळूच म्हणाल्या, उन्हाळा निघणं कठीण आहे.

परतीच्या एसटीत सपनाच्या डोळ्याला धार लागली. "लोक पाहून राह्यले ना," आनंदाबाई पुटपुटली आणि तिचा हात घट्ट धरून बसली.

तिसऱ्या दिवशी किराणावाले नानाजी आले. तिच्या डोक्याला बांधलेला रुमाल पाहून जरा थबकले, पण बसले. "आमच्या पोरीचं, आचलचं जमलं. वैशाखातलं लगन हाय. बलावनं तुमीच द्याचं."

"दुसरी पाहून ठेवजा, नानाजी."

"काऊन, गावाले जाऊन राह्यल्या का? एका दिवसाचं तर काम हाय."

"वैशाख लय लांब हाय."

नानाजींनी सपनाकडे पाहिलं. ती चहाचा कप हातात धरून दारातच उभी होती. मग ते उठून सरळ उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मंग पयलं बलावनं तुमचंच. वैशाख शुद्ध दशमीले आमच्या आचलचं लगन हाय. घरच्या समद्यांनी येजा."

चाळीस वर्षांत आनंदाबाईला असं समोर उभं राहून कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारी तीच, म्हणून ती येणारच, असं सगळे धरून चालायचे. तिने पदर डोक्यावरून सारखा केला.

"मुहूर्त किती वाजताचा हाय?" तिने विचारलं.

"सकाळचा. अकरा पाचचा."

"अकरा पाच," ती म्हणाली, आणि त्यांना चहा घ्यायला सांगितलं.