ओसरत्या पाण्याकाठी सुलभाबाई

राहुरीजवळच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिक्षक म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात भूगोल शिकवणाऱ्या सुलभाबाईंनी मला विचारले, "रविवारी काय करता?" मी भाड्याच्या खोलीत एकटाच राहत होतो. कपडे धुतो, असे सांगितले. "कपडे दुपारी धुवा. सकाळी पाण्यावर या," त्या म्हणाल्या. आमची ओळख झाली ती अशी. यंदा बाई पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत.

ते पाणी म्हणजे मुळा धरणाच्या जलाशयाचा एक चिंचोळा फाटा. पावसाळा सरता सरता तो गावच्या बांधापर्यंत भरतो आणि कालव्यांना पाणी सुटू लागले की मागे हटत जातो. समुद्राची भरती-ओहोटी रोजची. इथली एकच भरती-ओहोटी वर्षभर चालते. बाई आणि त्यांचे यजमान, आम्हा सर्वांचे काका, न चुकता तेथे येत. थंडीत चक्रवाक आणि थापट्या बदके असत. उन्हाळ्यात पाण्यामध्ये उघड्या पडलेल्या उंचवट्यावर नदीसुरय पक्षी अंडी घालत. वर्गात बाई कडक होत्या. पाण्यावर मात्र त्या पक्ष्याचे नाव लगेच सांगत नसत. "आधी नीट बघा, नाव घरी गेल्यावरही सांगता येईल," म्हणत.

सांत्वनाचे शब्द त्यांना जमत नाहीत. माझी आई गेली तेव्हा बाई घरी आल्या, ओट्यापाशी उभ्या राहून सर्वांपुरत्या पोळ्या केल्या, भांडी घासली आणि निघून गेल्या.

काही वर्षांपूर्वी ऐन थंडीत काका गेले. बंगळूरच्या लेकीने पुष्कळ आग्रह केला, पण बाई गेल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात पाणी लवकर ओसरले. सुरयांचा उंचवटा काठाला जोडला गेला आणि कुत्र्यांना घरट्यांपर्यंत वाट मिळाली. त्या वाटेवर, पक्षी बिचकणार नाहीत इतके अंतर राखून, बाई काठी आणि छत्री घेऊन दिवसभर बसू लागल्या.

शेजारच्या मोकळ्या झालेल्या गाळात भाऊसाहेब नावाचे शेतकरी काकडी लावत. ते म्हणाले, "बाई, ऊन लई हाय. पाखरांपायी आजारी पडाल."

"बसलेच तर आहे, भाऊसाहेब."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बांबू रोवून वर गोणपाट बांधले. "दुपारच्याला तुमी घरी जा. कुत्री म्या बघतो."

बाई गेल्या नाहीत. मी एकदा विचारले, "इथं एकट्यानं कंटाळा येत नाही?"

"येतो ना. पण घरी जास्त येतो," त्या म्हणाल्या.

एका सकाळी काही घरटी रिकामी दिसली. रात्री कुत्री येऊन गेली होती. बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग भाऊसाहेबांनी त्या वाटेवर काटेरी बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या आणि उरलेली घरटी वाचली.

पहिले पिल्लू उडाले त्या संध्याकाळी मी बाईंच्या शेजारी होतो. ते पाण्यावर हेलकावत गेले, पडते की काय असे वाटले, आणि सावरले. दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच बाई म्हणाल्या, "अहो, बघितलंत का?"

मला त्या नेहमी 'सर' म्हणत; 'अहो' ही हाक काकांची. मग मी म्हणालो, "बघितलं."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

आता गुडघे दुखतात, म्हणून बाई खाली उतरत नाहीत. बांधावर खुर्ची टाकून बसतात. त्यांची नजर अशीच लांबवर पोहोचत राहो आणि परदेशी पाहुण्या पक्ष्यांचे अजून पुष्कळ हिवाळे त्यांना सुखाने पाहायला मिळोत, ही मनापासून इच्छा. वाचकांना एकच विनंती: कधी त्या बाजूला गेलात, तर थोडा वेळ त्यांच्यापाशी बसा. बाई स्वतः बोलावणार नाहीत. पण कुणी आले की त्यांना बरे वाटते, हे मला माहीत आहे.