चहाच्या सावल्या

त्या शुक्रवारी सकाळी मी कोरा चहा गार करत ठेवला होता. प्यायला नव्हे, रंगवायला. वृंदा यायची होती. आला तो तिच्या नवऱ्याचा फोन... वृंदा गेली. झोपेतच.

इथे आखातात, दोहा शहरातल्या अल हिलाल भागात आमच्या बिल्डिंगा समोरासमोर. जुन्या डच चित्रकारांच्या हिवाळी रेखाटनांचं एक जाडजूड पुस्तक तिच्याकडे होतं. गोठलेला कालवा, त्यावर घसरणारी पोरं, मोळी वाहणारी म्हातारी, बर्फाला भोक पाडून मासे धरणारा बुवा. बाहेर डोकं फुटेल असं ऊन, आणि आम्ही दोघी दर शुक्रवारी बर्फ काढतोय! रेषा तपकिरी शाईच्या, सावल्या चहाच्या. बर्फाला मात्र हात लावायचा नाही. "कागद कोरा सोड गं बाई, तोच बर्फ," ती ओरडायची. सहीऐवजी कोपऱ्यात दोन बायका: बारकी ती, जाडी मी.

खरा गोठलेला कालवा दोघींनी मिळूनच बघायचा, असं ठरलं होतं. माझ्या सासूबाई अंथरुणावर, मला घर सुटेना. "तू नाहीस तर मीही नाही जात, खलास," म्हणाली होती. मी तो शब्द धरून बसले, वेडी!

मागल्या हिवाळ्यात ती 'नाशिकला' जाऊन आली आणि तिच्या चित्रातली माणसं बदलली. आधी आमची सगळी माणसं मॉलच्या फरशीवर चालल्यासारखी ताठ. आता तिची पुढे झुकलेली, हात पाठीमागे बांधलेले. "हे कुठून आलं गं?" विचारलं तर म्हणते, "पुस्तकात नीट बघत जा."

तेराव्यानंतर तिची लेक इरा सहज बोलून गेली, "मावशी, यू डिडन्ट नो? मम्मा आमच्याबरोबर हॉलंडला आलेली. शी वॉज सो हॅपी ऑन दॅट आइस, तिथल्या लोकांसारखी हात मागे बांधून घसरत होती! तुला सांगू नको म्हणाली, यू वुड फील बॅड."

फील बॅड! केसानं गळा कापला बाईनं. गेलीस तर गेलीस, मी काय पाय धरले असते? सांगितलं असतंस तर रडले असते, कडाकडा भांडले असते, आणि मग खोदून खोदून विचारलं असतं, बर्फ पायाखाली वाजतो का गं? आता कुणाला विचारू? मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

इरानं तिचं शेवटचं चित्र मला दिलंय. कोपऱ्यात बारकी बाई, हात पाठीमागे. जाडी शोधली... नाही. शेजारी नुसता कोरा कागद. माझ्यासाठी जागा सोडली होती की बर्फच काढला होता, कोण जाणे. दर शुक्रवारी मी चहा गार करते, टाक घेऊन त्या कागदापुढे बसते, आणि शेवटी चहा पिऊन टाकते.