मामाच्या बोअरचं पाणी

मामाला हाक मारली की त्याची मान वळायची नाही, आख्खा मामा वळायचा. त्याचा त्याला केवढा तोरा! "कणा बघ माझा. बोअरच्या पाण्याचा हाये," म्हणायचा. पाचोडच्या पलीकडं त्याचं शेत आणि शेतात हा बोअर. त्या पाण्यात चहा नासायचा, डाळ शिजता शिजायची नाही, पण मामापुढं तसं बोलायची कुणाची टाप नव्हती. तो जाऊन आता वर्ष झालं, म्हणून धीर करून लिहितोय.

आमच्या संभाजीनगरच्या पाण्याला तो पाणीच मानत नसे. नळाला आठवड्यानं यायचं, टाकीत मुरायचं आणि वर मशीनमधून गाळून निघायचं. त्याच्या मते तो नुसता ओलेपणा. त्यात माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, रॉड बसला. मामाच्या हाती आयतं कोलीत मिळालं. फिल्टरनंच माझ्या बहिणीची हाडं खाल्ली, असं त्यानं दवाखान्यात सगळ्या वॉर्डाला ऐकवलं.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी मामा एसटीनं हजर, हातात बोअरच्या पाण्यानं भरलेला तेलाचा कॅन. दिवाणावर आईशेजारी बसून तो तिच्या हातात पेला द्यायचा आणि टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालायला लागायचा. आईला ते खारट पाणी घशाखाली उतरत नसे. बातम्या रंगल्या की ती पेला हळूच मागच्या कोरफडीच्या कुंडीत ओतायची. मामाला दिसायचं कसं? वळायलाच त्याला वेळ लागायचा. वर आई म्हणायची, पाणी लई गुणाचं आहे हं दादा. मी तिला टोकलं, तर म्हणाली, एवढं ओझं माझ्यासाठी आणतो, नाय कसं म्हणू?

एकदा आईला तपासायला नेलं, तर डॉक्टरांनी तिला सोडून मामालाच वर छताकडं बघायला सांगितलं. मामा कमरेतून मागं झुकला. लगेच एक्स-रे काढला. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असणार, डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं ते पिऊन मणके जाड होऊन जखडलेत. अशी हाडं दिसायला दणकट, पण मोडतात. पाणी बंद करा; झालंय ते मात्र परत फिरणार नाही.

घरी येऊन मामानं कॅन मोरीत रिकामा केला आणि आईशेजारी बसला.

"सुमे, किती प्यालीस गं? मीच पाजलं तुला."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी बंद टीव्हीकडं बघितलं.

"एक घोट बी नाय, दादा. समदं कोरफडीला घातलं."

आता महाभारत होणार, असं मला वाटलं. मामा सावकाश, आख्खा वळला आणि कुंडीकडं बघत राहिला.

"लई चांगलं केलंस," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. मान खाली घालता येत नव्हती, म्हणून आमच्यासमोर ताठ बसूनच रडला.